इतिवृत्तासाठी शाई हवी: पाण्यात टिकणारी आणि पावसाळ्यात न फुटणारी

माहीमचा सचिव

मंडळी, नमस्कार.

माहीमच्या आमच्या बावीस बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण संस्थेचा मी गेली सहा वर्षे सचिव आहे. इतिवृत्त पुस्तक हाताने लिहिण्याचा हट्ट मात्र या पदासोबत आलेला नसून तो सर्वस्वी माझा आहे. संगणकावर छापलेली पाने चिकटवावीत अशी सूचना दरवर्षी वार्षिक सभेत येते आणि दरवर्षी मी ती पुढच्या वर्षावर ढकलतो. शाईच्या पेनांचा नाद असलेल्या माणसाला महिन्यातून एकदा चार पाने सुवाच्य लिहिण्याचे अधिकृत निमित्त मिळत असेल, तर ते तो सहजासहजी कसे सोडील?

गेल्या वर्षीच्या जुलैत या नादाची किंमत मोजावी लागली. तळमजल्यावरच्या संस्थेच्या खोलीत एका रात्री पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या फळीवरचे पुस्तक सकाळपर्यंत भिजत पडले. पाने वाळवून पाहिली, तर माझे रॉयल ब्लू शाईतले अक्षर जाऊन तिथे निळसर डाग तेवढे उरले होते. सदस्यांनी खिशातल्या बॉलपेनाने केलेल्या सह्या मात्र जशाच्या तशा होत्या. वाहने कुठे उभी करायची याविषयीचा जो ठराव दीड तास भांडून संमत झाला होता, त्याच्या जागी आता कोरे पान आहे आणि त्याखाली नऊ जणांच्या सह्या आहेत. पुढच्याच सभेत वाचून कायम केलेले इतिवृत्त असे वाहून गेल्यावर 'कायम' या शब्दाचा अर्थ काय, असे आमचे खजिनदार मला अजूनही अधूनमधून विचारतात.

म्हणून यंदा मी पाच शाया नीट पारखून घ्यायच्या ठरवल्या. भारतीय बनावटीची एक साधी रॉयल ब्लू, पेलिकन ४००१ मालिकेतील निळी-काळी, पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतील त्सुकि-यो, डायमिनची रजिस्ट्रार्स आणि प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक अशा त्या पाच. पेन एकच ठेवले, मध्यम जाडीच्या स्टीलच्या निबचे, आणि प्रत्येक शाईनंतर ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. कागद तीन घेतले: इतिवृत्त पुस्तकाचा आखीव कागद, छायाप्रतीसाठी वापरतात तो ७५ ग्रॅमचा कागद आणि ऱ्होडियाच्या वहीचा ८० ग्रॅमचा कागद.

पहिली फेरी जानेवारीत झाली आणि तीत पाचही शाया तिन्ही कागदांवर समाधानकारक चालल्या. लिहिण्याच्या आनंदापुरते बोलायचे तर त्सुकि-यो सर्वांत पुढे होती, कारण तिचा प्रवाह मोकळा आहे आणि अक्षराच्या वळणावर जिथे शाई साचते तिथे तिची हिरवट झाक असलेली गडद निळाई फार देखणी दिसते. पेलिकन तुलनेने कोरडी चालते आणि रेघ बारीक देते. माझ्यासारख्या दाबून लिहिणाऱ्याला ते सोयीचे वाटले. हीच फेरी मी परवा, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पुन्हा केली. पेन तेच, बाटल्या त्याच आणि कागदही त्याच गठ्ठ्यातला असूनही पुस्तकाच्या आणि छायाप्रतीच्या कागदावर अक्षरांना मिशा फुटल्या. त्सुकि-यो आणि रॉयल ब्लू पानाच्या पाठीवरही उतरल्या. ऱ्होडियाच्या कागदावर फारसा फरक पडला नाही, फक्त शाई वाळायला वेळ जास्त लागला.

पाण्याची परीक्षा मी लिहून झाल्यावर दहा मिनिटांनी घेतली. नळाच्या बारीक धारेखाली पट्टी पाच मिनिटे धरली, तेव्हा रॉयल ब्लू जवळजवळ नाहीशी झाली आणि त्सुकि-योची वाचता येण्याजोगी अंधूक रेघ उरली. अर्थात त्या दोघींनी जलरोधक असल्याचा दावा कधी केलेला नाही. पेलिकनचा निळा रंग गेला आणि करडी रेघ राहिली. रजिस्ट्रार्सचाही थोडा रंग वाहिला, पण अक्षर स्पष्ट राहिले. कार्बन ब्लॅकला काहीच झाले नाही.

आता माझे तीन प्रश्न आहेत. पेलिकन आणि रजिस्ट्रार्स या ज्या शायांना लोहयुक्त म्हणून नावाजतात, त्याही पाण्यात रंग का सोडतात? जुलैत शाई फुटते तो दोष शाईचा की कागदाचा? आणि महिन्यातून एकदाच वापरल्या जाणाऱ्या पेनात यातली कोणती शाई भरावी?

निवृत्त रसायनवाले

सचिव महोदय, आपण कागद, पेन आणि ऋतू या तिन्हींची नोंद ठेवली हे पाहून बरे वाटले. एरवी शाईचे परीक्षण म्हणजे परदेशी गुळगुळीत कागदावर ओढलेल्या पट्ट्यांची छायाचित्रे, एवढेच आपल्या वाट्याला येते. एका बाबतीत मात्र आपण घाई केलीत. लोहयुक्त शाईची परीक्षा दहा मिनिटांनी घेणे म्हणजे भात चुलीवर ठेवून लगेच शीत चेपून पाहण्यासारखे आहे.

ही शाई मूळची मायफळ आणि हिराकस यांची. मायफळात टॅनिक आणि गॅलिक आम्ले असतात, तर हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. बाटलीत आम्लाच्या सान्निध्यात यांचे जे संयुग असते ते विरघळलेले आणि फिकट असते. त्यामुळे केवळ त्यानेच लिहिले तर लिहिणाऱ्याला ओळ नीट दिसणारसुद्धा नाही. म्हणून उत्पादक त्यात निळा रंग मिसळतात आणि तो रंग पाण्यात विरघळणारा, अगदी साधा असतो. शाई कागदाच्या तंतूंत मुरली की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लोहाची अवस्था बदलते आणि काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूंच्या आतच तयार होते. निळे लिहावे आणि काळे व्हावे, म्हणून नाव निळी-काळी. या बदलाला काही तास लागतात आणि पुरता रंग चढायला काही दिवस. आपण नळाखाली धरलेल्या पट्टीवरून वाहून गेला तो सोबतीचा निळा रंग होता. जी करडी रेघ मागे राहिली, तीच खरी शाई. हीच परीक्षा एका दिवसानंतर आणि पुन्हा आठवड्यानंतर घ्या, म्हणजे पेलिकन आणि रजिस्ट्रार्स यांच्यातला फरकही कळेल. पेलिकनमध्ये लोहाचा अंश बेताचा असतो. रजिस्ट्रार्समध्ये तो बराच अधिक आहे, कारण ती ब्रिटनमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदवह्यांसाठीच बनवलेली शाई आहे.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. बाटलीवर निळी-काळी असे लिहिलेले असले म्हणजे आत लोह असतेच असे नाही. वॉटरमनची जी शाई आता मिस्टीरियस ब्लू नावाने विकली जाते, तिचे पूर्वीचे नाव ब्लू-ब्लॅक होते, पण ती केवळ पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई आहे.

रॉयल ब्लू इतकी निमूटपणे निघून जाते, यातही तिचा दोष नाही. तिच्यातला रंग मुद्दाम तसाच निवडलेला असतो, म्हणजे मुलांच्या गणवेशावरचे डाग धुऊन निघावेत. क्षाराशी किंवा सल्फाइटशी गाठ पडली की त्याचा निळेपणाच नाहीसा होतो. जर्मनीतल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात शाई पुसण्याचे जे पेन असते, ते याच गुणावर चालते. धुण्याची पावडर क्षारधर्मी असते हे लक्षात घेतले, तर आपल्या आयांनी शर्टांचे खिसे कसे वाचवले तेही कळते.

जुलैचा दोष बहुतांशी कागदाचा आणि हवेचा. कागद बनवताना त्याला खळ देतात, जेणेकरून शाई तंतूंवरून सैरावैरा धावू नये. साध्या कागदाला ही खळ बेताचीच असते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. कागद तो ओलावा पितो, तंतू फुगतात, आणि आधीच ओलसर असलेल्या तंतूवर शाई अधिक सहज पसरते. त्यात ती उशिरा वाळत असल्यामुळे तिला पसरायला वेळही अधिक मिळतो. मोकळ्या प्रवाहाची शाई जास्त फुटते आणि कोरडी चालणारी कमी, हे त्याच्याशी सुसंगतच आहे. खात्री करायची असेल तर छायाप्रतीचे दोन कागद घ्या, एक रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवा आणि दुसरा स्वयंपाकघरात, आणि सकाळी दोन्हींवर एकाच पेनाने लिहून पाहा.

मोडीवाचक

काकांचे रसायनशास्त्र बिनचूक आहे, परंतु त्यांचा कल लोहयुक्त शाईकडे जाताना दिसतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मी हौसेने मोडी शिकले आणि त्या निमित्ताने एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात अनेकदा गेले आहे. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेला जुना कागद पिवळा पडतो, कडांना झिजतो, त्याला कसर लागते, पण अक्षर काळेच्या काळे राहते, कारण काजळ म्हणजे निव्वळ कार्बन आणि त्याला उजेडाने काहीही होत नाही. लोहयुक्त शाईत लिहिलेल्या जुन्या युरोपीय कागदांची दुसरीच तऱ्हा असते. तिथे काळाचा तपकिरी झालेला असतो आणि जिथे शाई फार जाड पडली होती तिथे अक्षराच्या आकाराची भोकेसुद्धा आढळतात. शाईतले आम्ल आणि गरजेपेक्षा जास्त पडलेले हिराकस मिळून कागद आतून जाळतात, आणि दमट हवेत हे काम अधिक वेगाने होते. आपण दमट हवेविषयीच बोलत आहोत, हे विसरता कामा नये.

अर्थात आजच्या पेनांसाठी बनवलेल्या लोहयुक्त शाया त्या घरगुती काढ्यांपेक्षा कितीतरी सौम्य असतात, त्यामुळे आपले वाहनतळाचे ठराव शंभर वर्षांत जळून जातील असे मी म्हणणार नाही. तितकी वर्षे ते कुणाला हवेही नसतील. तरी निवड करायची झाली तर मी कार्बनच निवडीन.

येथे लोकांचा एक गैरसमज असतो. काजळाची शाई म्हणजे पाण्याला भिणार नाही असे त्यांना वाटते, पण जुन्या पद्धतीची काजळ-डिंकाची शाई उजेडाला अमर असली तरी ओल्या बोटाने पुसली जाते, कारण ती कागदात मुरत नाही, वरच बसते आणि डिंक पाण्यात पुन्हा सुटतो. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक या बाबतीत निराळी आहे. तिच्यातले कण अतिशय बारीक असल्यामुळे ते तंतूंत अडकतात आणि एकदा वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. निळाच रंग हवा असेल तर सेलरची सेइबोकु ही त्याच जातीची, कणांची निळी-काळी शाई आहे. मी दोन वर्षे टिपणांसाठी तीच वापरते. गुळगुळीत कागदावर घासले तर थोडी काळिमा बोटाला लागते, एवढी एकच तक्रार मी तिच्याविरुद्ध नोंदवीन.

ड्रॉपरवाला

शाईवर दोन विद्वानांचे मतभेद झाले, आता पेनाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी गेली पंचवीस वर्षे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जुनी पेने गोळा करतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा मृत्यू शाई वाळल्यामुळे झालेला असतो.

सचिवसाहेब, तुमच्या तिसऱ्या प्रश्नातली 'महिन्यातून एकदाच' ही अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. कणांची शाई पेनात वाळली की ते कण निबखालच्या जिभेच्या बारीक खाचांत घट्ट बसतात आणि नुसत्या पाण्याने निघत नाहीत. रोज चार पाने लिहिणाऱ्या ताईंना ती शोभते, कारण त्यांच्या पेनातली शाई वाहती असते. तुमचे पेन महिनाभर टेबलाच्या खणात पडून राहणार. त्यातून कणांचीच शाई हवी असेल तर टोपण हवाबंद असलेले पेन घ्या; प्लॅटिनमच्या ३७७६ सेंच्युरीच्या टोपणात त्यासाठी खास स्प्रिंगची सोय असते. आणि हे कृपा करून कुणीही करू नका: चित्रकारांची इंडिया इंक शाईच्या पेनात भरू नका. तिच्यात लाख किंवा तत्सम चिकट द्रव्य असते. एका नातेवाइकाने माझ्या इबोनाइटच्या पेनात ती प्रेमाने भरून दिली होती. त्या पेनाचे टोपण तेवढे मी आठवण म्हणून ठेवले आहे.

लोहयुक्त शाई पेनाला खाते असे म्हणतात, त्यात तथ्य आहे पण बाऊही आहे. सोन्याच्या निबला तिच्यापासून काही होत नाही. स्टीलची चांगली निबही टिकते, मात्र स्वस्त मुलामा असलेली निब महिनोन्‌महिने त्यात बुडून राहिली तर मुलामा उडतो. उपाय एवढाच की दोन-तीन आठवड्यांनी पेन धुवावे. धुण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावे, विशेषतः ज्यांच्या इमारतीत टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी येते त्यांनी. आत काळा थर जमलाच तर अमोनियाच्या मागे लागू नये, क्षारात लोह अधिकच साखळते; चिमूटभर जीवनसत्त्व क पाण्यात विरघळवून त्यात निब तासभर ठेवली की थर सुटतो. आणि कोणत्याही परिस्थितीत एक शाई न धुता दुसरी भरू नये, कारण आम्लधर्मी आणि क्षारधर्मी शाया एकत्र आल्या की गाळ तयार होतो.

पावसाळ्याचा आणखी एक शत्रू म्हणजे बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडल्यावर वर साय आल्यासारखी दिसली, किंवा कुबट वास आला, तर ती शाई सरळ फेकून द्यावी, कारण ज्या पेनात ती जाईल ते पेनही बाधित होईल. मी बाटलीत निब बुडवतच नाही. केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज आणतो, लागेल तेवढी शाई काढून घेतो आणि उरलेली कधीही परत ओतत नाही.

आता थोडे विषयांतर, पण मुंबईकरांना उपयोगी पडेल. ड्रॉपरने भरायचे पेन खिशात घालून वातानुकूलित कचेरीतून बाहेर पडलात आणि चर्चगेटच्या फलाटावर पोहोचेपर्यंत खिशावर निळे फूल उमलले, असे झाले असेल तर पेनाला शिव्या देऊ नका. बावीस अंशांवरून चौतीस अंशांवर गेल्यावर हवा सुमारे चार टक्क्यांनी प्रसरण पावते. तीन मिलिलिटरच्या पेनात अर्धाच मिलिलिटर शाई उरलेली असेल, तर उरलेल्या अडीच मिलिलिटर हवेला एक दशांश मिलिलिटर जागा जास्त लागते, आणि तेवढी शाई, म्हणजे सुमारे दोन थेंब, निबेतून बाहेर येते. म्हणून पेन भरलेले ठेवावे आणि निब वर करून न्यावे.

तुमच्यासाठी मात्र माझा सल्ला अगदी वेगळा आहे. पेन बाजूला ठेवा आणि टाक घ्या. कलासाहित्याच्या दुकानात लाकडी दांडा आणि सुटी निब मिळते. टाकाला जीभ नाही, पोट नाही, वाळण्याची भीती नाही, लिहून झाले की फडक्याने पुसला की काम संपले. मग कार्बन वापरा, रजिस्ट्रार्स वापरा, कोणतीही वापरा.

ठाकूरद्वार

एवढ्या रसायनशास्त्रानंतर माझे म्हणणे बाळबोध वाटेल, तरी रॉयल ब्लूच्या बाजूने कुणीतरी उभे राहिले पाहिजे. याच गिरगावात १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकरांनी 'हॉर्स' छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली आणि पुढे 'कॅमल' शाई घरोघरी गेली. तिकडे बंगालमध्ये १९३४ मध्ये स्वदेशीच्याच भावनेतून सुलेखा उभी राहिली. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी परीक्षा दिल्या, अर्ज केले, प्रेमपत्रे लिहिली, ती बहुतांशी अशाच साध्या शायांनी, आणि त्यांतली पुष्कळशी पत्रे पत्र्याच्या ट्रंकेत आजही वाचता येतात, कारण ती कोरडी आणि अंधारात राहिली.

माझ्या मते सचिवांचा प्रश्न शाईचा नसून कपाटाच्या फळीचा आहे. पुस्तक वरच्या फळीवर ठेवावे, प्रत्येक सभेनंतर पानांची छायाचित्रे काढून सदस्यांना पाठवावीत आणि जी शाई हाताला आवडते तिनेच लिहावे. आयात शाईची पन्नास मिलिलिटरची बाटली ज्या किमतीला पडते, तेवढ्यात देशी शाईच्या साठ मिलिलिटरच्या कितीतरी बाटल्या येतात. आणि टिकाऊपणाच हवा असेल तर बॉलपेनाची तेलकट शाई पाण्याला भीत नाही, हे त्या नऊ सह्यांनी सिद्ध केलेच आहे.

माहीमचा सचिव

सर्वांचे आभार. तीन आठवडे गेले, त्या काळात आपण सांगितलेले बरेचसे करून पाहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

ठाकूरद्वारकरांचे पहिले म्हणणे मी त्याच दिवशी मान्य केले आणि पुस्तक वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात गेले. दुसरे, म्हणजे बॉलपेनाचे, मान्य करण्याची माझी तयारी नाही, आणि या मंडळींत बसून ते सुचवण्याचे धाडस केल्याबद्दल त्यांचे मला कौतुक वाटते.

काकांची दोन कागदांची परीक्षा डोळे उघडणारी ठरली. रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या कागदावर त्सुकि-योसुद्धा जवळजवळ जानेवारीसारखी चालली, आणि स्वयंपाकघरातल्या कागदावर त्याच पेनाने लिहिलेला 'क्ष' केसाळ सुरवंटासारखा दिसला. म्हणजे आजवर ज्या शायांना मी पावसाळ्यात नावे ठेवून ड्रॉवरच्या तळाशी टाकले, त्यांतल्या निम्म्या तरी निर्दोष होत्या. जानेवारीतले माझे गुणांक मी रद्द केले नाहीत, पण वहीत प्रत्येक नोंदीपुढे महिना लिहायला सुरुवात केली आहे. पुस्तकाचा कागद बदलणे माझ्या हाती नाही, ते डिसेंबरपर्यंत पुरणार आहे. सभेच्या आदल्या रात्री ते घरी आणून वातानुकूलित खोलीत ठेवणे मात्र हाती आहे. पत्नीने याला अद्याप हरकत घेतलेली नाही.

पाण्याची परीक्षा एका दिवसाने आणि आठव्या दिवशी पुन्हा घेतली, आणि या वेळी धार न धरता पट्ट्या रात्रभर थाळीत बुडवून ठेवल्या, कारण आमचे पुस्तक नळाखाली सापडले नव्हते, ते पाण्यात बसले होते. एका दिवसानंतरच्या पेलिकनने पुन्हा निळाई सोडली, पण उरलेली रेघ पहिल्यापेक्षा बरीच गडद होती. आठव्या दिवशीची तर कोणत्याही अडचणीविना वाचता आली. रजिस्ट्रार्स आठव्या दिवशी पाण्यातून काढली तेव्हा ती पाण्यात होती हे सांगावे लागले असते. कार्बन ब्लॅक दोन्ही वेळा तशीच राहिली, तिच्याविषयी लिहिण्यासारखे काहीच नाही, आणि शाईच्या परीक्षणात यापेक्षा मोठी स्तुती नसावी.

टाकाचा प्रयोगही केला. घरी तो उत्तम चालला. सभेत मात्र दौत टेबलावर, तिच्याशेजारी अकरा कप चहा, आणि गळतीच्या खर्चावरून तावातावाने हातवारे करणारे दुसऱ्या मजल्यावरचे सदस्य, असे दृश्य तयार झाल्यावर मी दौतीचे झाकण लावले आणि पेन्सिलीने टिपणे घेतली. पक्के इतिवृत्त घरी येऊन टाकाने लिहिले. हीच पद्धत पुढे ठेवावी असे वाटते: सभेत पेन्सिल, घरी टाक आणि कार्बन ब्लॅक. टाकाने लिहिताना जाड पडलेली शाई वाळायला वेळ घेते, म्हणून टीपकागदाचा शोध घेतला. तो फोर्टात दोन दुकाने हिंडल्यावर मिळाला, आणि तिसऱ्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याने तो कशासाठी असतो हे मला विचारले.

रजिस्ट्रार्स मी सोडलेली नाही. तिच्यासाठी एक जुने सोन्याच्या निबचे पेन राखून ठेवले आहे आणि दर एक तारखेला, देखभाल शुल्काच्या पावत्या फाडून झाल्या की, ते डिस्टिल्ड पाण्याने धुतो. वर्गणीच्या नोंदवहीत ती चालते, कारण तिथे रोज दोन-चार ओळी लिहाव्या लागतात आणि पेन पडून राहत नाही. त्सुकि-यो पत्रांसाठी. रॉयल ब्लू माझ्या नातीच्या पेनात गेली आहे, आणि तिच्या शाळेच्या शर्टाचा विचार करता ती योग्य ठिकाणी गेली आहे असे सर्वांचे मत आहे.

एक शंका मात्र उरली. मोडीवाचक ताईंनी उजेडाचा उल्लेख केला, ती परीक्षा मी घेतलेली नाही. पाचही शायांच्या पट्ट्या अर्ध्या पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवल्या आहेत, पण गेले अठरा दिवस सूर्यच दिसलेला नाही.

निवृत्त रसायनवाले

त्या पट्ट्या आता काढून ठेवा. या दिवसांत काचेवर आतून दव धरते, आणि मग रंग उजेडाने गेला की ओलाव्याने, हे सांगता येणार नाही. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की नव्या पट्ट्या लिहा, आठ दिवस मुरू द्या आणि मग महिनाभर लावा. पुठ्ठ्याऐवजी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी वापरा, पुठ्ठ्याच्या कडेने उजेड झिरपतो. आणि एक सहावी पट्टी बॉलपेनाची लावा.

ठाकूरद्वार

सहाव्या पट्टीबद्दल आभार. सातवी माझ्याकडून सुलेखाची लावावी. दोन मिलिलिटरची कुपी रविवारी दादरला आणून देतो.